मॅनेज्ड की नेटिव्ह? एम्बेडेड उपकरणासाठी कोड निवडण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

नवीन एम्बेडेड उपकरणाचं, म्हणजे आत छोटा संगणक असलेल्या यंत्राचं, काम हाती आलं की बहुतेक टीममध्ये पहिल्याच बैठकीत भाषा ठरते. सगळ्यांना सी शार्प येतं म्हणून सी शार्प, नाहीतर ‘एम्बेडेड म्हणजे सीच’ म्हणून सी. चिप, मेमरी आणि डेडलाइनचा हिशेब मागाहून होतो, आणि तोही पहिलं युनिट कुठेतरी अडकल्यावर. इथे क्रम उलटा आहे: आधी कामांची यादी, मग बोर्डाची ऐपत, मग वाटणी, मग मोजमाप. भाषा त्यातून आपोआप ठरते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘हे उपकरण मॅनेज्ड करायचं की नेटिव्ह?’ असं विचारणं. मॅनेज्ड म्हणजे ज्याची मेमरी रनटाइम (कोडसोबत चालणारी सहायक प्रणाली) सांभाळतो असा कोड, आणि नेटिव्ह म्हणजे अशा रनटाइमविना थेट चिपच्या मशीन कोडमध्ये चालणारा. उपकरण एक असलं तरी त्यात पाच-सहा कामं चालतात आणि प्रत्येकाची घाई वेगळी असते. म्हणून हा प्रश्न अख्ख्या उपकरणाला न विचारता एकेका कामाला विचारायचा.

उदाहरण म्हणून बाटल्यांत द्रव भरणारं एक यंत्र घेऊ. त्याला फ्लो मीटर आहे, व्हॉल्व्ह आहे, सिरियल पोर्टवर एक वजनकाटा आहे, टचस्क्रीन आहे आणि दिवसाचा अहवाल सर्व्हरला जातो.

## सुरुवातीआधी: दोन गोष्टींची गल्लत करू नका

‘मॅनेज्ड’ म्हणताना दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. पहिला: मेमरी कोण सांभाळतं? दुसरा: मशीन कोड कधी तयार होतो?

सी आणि सी प्लस प्लसमध्ये मेमरी तुम्ही सांभाळता आणि मशीन कोड आधीच तयार असतो. रस्टमध्येही कोड आधीच तयार होतो, मेमरीचे नियम कंपायलर तपासतो आणि गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी परत घेणारा आणि त्यासाठी कोड अधूनमधून थांबवणारा भाग) नसतो. गो भाषेत कोड आधी तयार होतो, पण कलेक्टर असतो. पूर्ण डॉटनेट (सी शार्प ज्यावर चालतं तो मायक्रोसॉफ्टचा रनटाइम) आणि जावामध्ये साधारणपणे चालता चालता भाषांतर होतं, म्हणजे जेआयटी. डॉटनेट नॅनोफ्रेमवर्क आणि मायक्रोपायथन हे छोट्या चिपवर इंटरप्रिटर म्हणून, म्हणजे मशीन कोड न बनवता एकेक सूचना वाचत, चालतात, कलेक्टरसकट.

ही फोड एवढ्यासाठी, की डॉटनेट ७ पासून (२०२२) नेटिव्ह एओटी (मशीन कोड आधीच तयार करण्याची सोय) आल्यावर एक गैरसमज पसरला आहे: ‘एओटी केलं, आता थांबे नाहीत.’ एओटीने सुरू व्हायला लागणारा वेळ आणि जेआयटीची मेमरी वाचते. कलेक्टर जागच्या जागी राहतो आणि त्याचे थांबेही राहतात. मायक्रोपायथनमध्ये एखादं फंक्शन ‘नेटिव्ह’ किंवा ‘व्हायपर’ खुणेने मशीन कोडमध्ये बदलता येतं, तिथेही हेच. फंक्शन वेगाने धावेल, पण त्याने हीपवर (चालता चालता मागून घेतलेल्या मेमरीत) ऑब्जेक्ट बनवले तर कलेक्शन कधीतरी होणारच.

बैठकीला बसण्याआधी हे जमवून ठेवा:

- चिपची डेटाशीट: रॅम, फ्लॅश, कोअर, टायमर आणि डीएमए (प्रोसेसरविना मेमरीत डेटा हलवणारं हार्डवेअर) चॅनेल किती
- चिप आणि मोड्यूल कंपन्यांनी दिलेल्या लायब्ररी कोणत्या भाषेत आणि कोणत्या आर्किटेक्चरसाठी आहेत
- उपकरण किती वर्षं चालायचं आहे आणि त्यावर अपडेट कसा जाणार
- सुरक्षा किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र लागणार आहे का
- खरा बोर्ड. सिम्युलेटर चालणार नाही, टप्पा ४ मधलं मोजमाप खऱ्या बोर्डावरच करायचं आहे.

## टप्पा १: कामांची यादी आणि ‘उशीर झाला तर काय?’

प्रत्येक कामापुढे दोन रकाने ठेवा: किती वेळात व्हायला हवं, आणि नाही झालं तर काय बिघडेल. ‘लवकर’, ‘लगेच’, ‘रिअल टाइम’ हे शब्द या कागदावर नकोत. आकडा लिहा.

आकडा कुठून आणायचा, ते व्हॉल्व्हच्या कामावर पाहू. द्रव सेकंदाला २०० मिलिलिटर वाहतो, म्हणजे प्रत्येक मिलिसेकंदाला ०.२ मिलिलिटर. चूक १ मिलिलिटरच्या आत हवी असेल तर सगळ्या साखळीला मिळून ५ मिलिसेकंद. त्यातला काही वाटा व्हॉल्व्ह स्वतः खातो. सॉफ्टवेअरच्या वाट्याला समजा २ उरले.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. व्हॉल्व्हला बंद व्हायला दर वेळी ३० मिलिसेकंद लागत असतील तर अडचण नाही. तेवढं आधी बंद करायला सांगा, झालं. ठरलेला उशीर वजा करता येतो. कधी २८, कधी ३३ असा मागेपुढे होणारा उशीर वजा करता येत नाही. गार्बेज कलेक्टरचा त्रास याच दुसऱ्या जातीचा. सरासरी वेग उत्तम असूनही एखादी बाटली ४ मिलिलिटरने जास्त भरते, कारण नेमकं त्याच वेळी २० मिलिसेकंदांचं कलेक्शन चालू होतं. म्हणून कागदावर उशिरापुढे ‘किती हलला तर चालेल’ हेही लिहा. त्यालाच जिटर म्हणतात.

बाकीची यादी अशी दिसेल:

- फ्लो मीटरचे पल्स मोजणं: एका पल्सला अर्धा मिलिलिटर धरला तर सेकंदाला ४००, म्हणजे दर २.५ मिलिसेकंदांना एक. एकही हुकलेला चालणार नाही.
- वजनकाट्याचा सिरियल डेटा: ११५२०० बॉडवर सेकंदाला ११,५२० बाइट, एका बाइटला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. यूआर्टचा (सिरियल पोर्ट चालवणाऱ्या हार्डवेअरचा) फिफो, म्हणजे आलेले बाइट रांगेत धरणारा साठा, १६ बाइटचा असेल तर तो १.४ मिलिसेकंदात भरतो. तोवर कुणी उचलला नाही तर पुढचा बाइट गेला.
- स्क्रीन: १०० मिलिसेकंदांपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. अधूनमधून ३०० झाले तर माणूस वैतागेल, बाटली बिघडणार नाही.
- अहवाल: पाच मिनिटं उशिरा गेला तरी काही नाही.

इशारा: आपत्कालीन स्टॉपचं बटण या यादीत असेल तर खोडा. ते वायरिंगने थेट वीज तोडणारं असावं. ते कोणत्या भाषेत लिहायचं ही चर्चाच चुकीची आहे.

## टप्पा २: बोर्डाची ऐपत तपासा

ढोबळ तीन गट पडतात.

काही दहा केबी रॅम. एसटीएम३२एफ१०३सी८ मध्ये ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम आहे. इथे सी किंवा रस्ट घ्या आणि पुढे चला.

काही शे केबी. आरपी२०४० मध्ये २६४ केबी, ईएसपी३२ मध्ये ५२० केबी एसरॅम. इंटरप्रिटरवाले रनटाइम इथे बसतात, म्हणून फसगतही इथेच होते. डेटाशीटवरचा आकडा तुमच्या कोडला मिळत नाही. वायफायचा स्टॅक त्याचा वाटा घेतो. टीएलएसचा (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलचा) एक रेकॉर्ड १६ केबीपर्यंत असू शकतो, म्हणून येणारा आणि जाणारा असे दोन बफर धरले तर ३२ केबी तिथेच जातात, शिवाय हँडशेकच्या वेळी वेगळी मेमरी लागते. सगळं सुरू करून, सर्व्हरशी जोडणी चालू असताना मोकळा हीप किती उरतो तो आकडा खरा.

लिनक्स चालवणारे बोर्ड. पूर्ण डॉटनेट, जावा, काहीही चालतं. तरी २५६ एमबीच्या खाली पूर्ण रनटाइम टाकायचा असेल तर मी दोनदा विचार करतो. शिवाय प्रोसेसरची पिढी बघा: अधिकृत डॉटनेटला किमान एआरएमव्ही७ लागतो, त्यामुळे एआरएमव्ही६ वर चालणाऱ्या जुन्या रास्पबेरी पाय झिरोवर तो चालत नाही. हे बोर्ड विकत घेतल्यावर कळण्यात अर्थ नाही.

मेमरीचा हिशेब मांडताना कलेक्टरला मोकळी जागा ठेवा. जिवंत ऑब्जेक्ट हीपच्या निम्म्याहून जास्त जागा व्यापत असतील तर कलेक्शन पुन्हापुन्हा होणार. शिवाय खुणा करत फिरणाऱ्या कलेक्टरला लागणारा वेळ कचऱ्यापेक्षा जिवंत ऑब्जेक्टवर अवलंबून असतो. ‘आमचा कोड फारसा कचरा करत नाही’ एवढ्याने सुटका होत नाही. मेमरीत मोठी कॅशे धरून बसलात तर पूर्ण कलेक्शन लांबणारच.

तपासा: कंपनीने दिलेली लायब्ररी तुमच्या बोर्डाच्याच एबीआयची (बायनरींनी एकमेकींना हाक मारण्याच्या नियमांची) आहे ना? ३२ बिट एआरएममध्ये हार्ड-फ्लोट आणि सॉफ्ट-फ्लोट बिल्ड एकमेकांत मिसळत नाहीत. फक्त सी हेडर आणि तयार बायनरी हातात असेल, तर मॅनेज्ड बाजूने तिला बांधून घेण्याचं काम तुमच्या अंदाजपत्रकात धरा.

## टप्पा ३: वाटणी करा, पण तीन खणांत

सगळे दोनच खण करतात, नेटिव्ह आणि मॅनेज्ड. तिसरा विसरला जातो: हार्डवेअर.

फ्लो मीटरचे पल्स मोजायला कोडची गरजच नाही. जवळजवळ प्रत्येक मायक्रोकंट्रोलरच्या टायमरला बाहेरचे पल्स मोजता येतात. कोडने फक्त मोजणी वाचायची. सिरियल डेटा डीएमए थेट बफरमध्ये टाकतो. टायमर ठरलेल्या मोजणीला पोचला की पिन स्वतः बदलू शकतो, म्हणजे व्हॉल्व्हचा सिग्नलही सॉफ्टवेअरची वाट न बघता जातो. अशी दोन-तीन कामं हार्डवेअरला दिली की ‘नेटिव्हशिवाय पर्याय नाही’ म्हणणारी यादी एकदम आखडते. काही बोर्डांवर यासाठी वेगळा छोटा प्रोसेसर असतो. बीगलबोन ब्लॅकमधले दोन पीआरयू २०० मेगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे बहुतेक सूचनांना ५ नॅनोसेकंद. एसटीएम३२एमपी१५७ मध्ये लिनक्ससाठी कॉर्टेक्स-ए७ आणि शेजारी कॉर्टेक्स-एम४ एकाच चिपवर आहेत.

उरलेल्या कामांसाठी माझा ठोकताळा असा:

1. १०० मायक्रोसेकंदांच्या आत: हार्डवेअर किंवा छोटा इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने हाक मारताच चालणारं फंक्शन).
2. १०० मायक्रोसेकंद ते १० मिलिसेकंद: नेटिव्ह.
3. १० ते १०० मिलिसेकंद: मोजल्याशिवाय बोलू नका.
4. त्याच्या वर: मॅनेज्ड, जोवर मेमरी नाही म्हणत नाही तोवर.

चौथ्या गटाबद्दल टीममधले जुने सी प्रोग्रामर कुरकुरतात, त्यांना एक आकडा दाखवा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या उत्पादनांत दर वर्षी सीव्हीई (जाहीर सुरक्षा त्रुटीचा क्रमांक) मिळणाऱ्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी सुरक्षेच्या असतात. क्रोम ब्राउझरमागच्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये गंभीर सुरक्षा बगबद्दल जवळपास तोच आकडा दिला. दोन्हीकडे मोठा सी आणि सी प्लस प्लसचा कोड होता. नेटवर्कवरून आलेला जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) वाचणं, अहवाल बनवणं, सेटिंगची फाइल उघडणं अशा बाहेरचा डेटा हाताळणाऱ्या कामांना मिलिसेकंदांची घाई नसते, पण बफर ओलांडला गेला तर मोल फार मोठं. ही कामं सीमध्ये लिहिण्यात शहाणपण नाही. मॅनेज्ड नको असेल तर रस्ट घ्या.

इशारा: लिनक्सवर सीमध्ये लिहिलं म्हणजे वेळेवर होईल असं नाही. पेज फॉल्ट (मेमरीचं पान ऐनवेळी आणावं लागणं), शेड्युलर (कोणता थ्रेड कधी चालणार ते ठरवणारा भाग) आणि वीज वाचवणारे मोड नेटिव्ह कोडलाही अडवतात. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे घाईच्या कामाला लगेच वाट देणारी लिनक्सची सोय, मुख्य लिनक्समध्ये २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत आलं. ते चालू करणं, थ्रेडला फिफो शेड्युलिंग देणं आणि मेमरी लॉक करणं ही तिन्ही कामं तुमची आहेत. याउलट कॉर्टेक्स-एम४ वर मेमरीला थांबा नसेल तर इंटरप्ट हँडलर १२ सायकलमध्ये सुरू होतो. एकाच सी भाषेच्या दोन टोकांत एवढा फरक आहे.

## टप्पा ४: खऱ्या बोर्डावर सर्वात वाईट वेळ मोजा

टप्पा ३ मधल्या तिसऱ्या गटातली (१० ते १०० मिलिसेकंद) कामं आणि जिथे वाद आहे ती, एवढीच मोजा. पूर्ण अॅप लिहून मग मोजू नका. दीडशे ओळींचा नमुना पुरतो.

1. कामाची सुरुवात होते तिथे एक पिन वर करा, काम संपलं की खाली.
2. पिनला लॉजिक अॅनालायझर लावा. सॉफ्टवेअरच्या घड्याळावर विसंबू नका. रनटाइम थांबला की त्याच्यावर विसंबलेला मोजणारा कोडही थांबतो.
3. खरा भार टाका: नेटवर्क चालू, स्क्रीनवर यादी सरकते आहे, लॉग लिहिला जातो आहे, सिरियलवर डेटा येतो आहे.
4. खऱ्या अॅपइतके ऑब्जेक्ट आधीच मेमरीत भरून ठेवा. हा टप्पा सगळे गाळतात. रिकाम्या हीपवरचं कलेक्शन चुटकीसरशी होतं आणि चाचणी खोटं प्रमाणपत्र देते.
5. रात्रभर चालू ठेवा, जमलं तर पूर्ण २४ तास.
6. सरासरी खोडून टाका. कमाल वेळ आणि जिटर लिहा.

सुरू होण्याचा वेळ वेगळा मोजा, वीज पूर्ण तोडून. जेआयटी असलेल्या रनटाइममध्ये प्रत्येक रस्ता पहिल्यांदा चालताना मंद असतो. बाटल्यांच्या यंत्रात पहिलीच बाटली चुकण्याचं हे एक कारण ठरू शकतं. भरण्याचा रस्ता सुरुवातीला एकदा कोरडा चालवून घेतला की त्रास जातो. एओटी हा दुसरा उपाय, पण रिफ्लेक्शनवर (चालता चालता प्रकार शोधण्यावर) चालणाऱ्या लायब्ररी त्यात अडकतात, म्हणून ट्रिमिंगचे (न वापरलेला कोड कापण्याचे) इशारे एकेक करून वाचा.

तपासा: मोजताना प्रोसेसरची गती बदलत होती का? उपकरण बंद डब्यात, उन्हाळ्याच्या तापमानात गरम झालं की प्रोसेसर हळू होतो. टेबलावर उघड्या बोर्डाने दिलेला आकडा डब्यात टिकेलच असं नाही.

कमाल वेळ डेडलाइनच्या निम्म्याच्या आत असेल तर मॅनेज्डला हो म्हणा. डेडलाइन ओलांडत असेल तर नाही. मधे असेल तर आधी टप्पा ६ मधल्या सवयी लावून पुन्हा मोजा.

## टप्पा ५: सीमा कुठे आणि कशी आखायची

मिश्र रचना ठरली की खरं काम इथे असतं. उपकरण प्रत्यक्ष वापरात गेल्यावर आठवड्यातून एकदा, कुणालाही कारण न सापडता येणारे क्रॅश बहुतेक या सीमेवर जन्मतात. पर्याय तीन आहेत.

एकाच प्रोसेसमध्ये. मॅनेज्ड कोड नेटिव्ह लायब्ररीला थेट हाक मारतो, डॉटनेटमध्ये पी-इन्व्होक आणि जावामध्ये जेएनआय. वेगवान आणि सोपं, पण नेटिव्ह बाजू कोसळली की सगळं कोसळतं.

दोन प्रोसेस. वेळेचं काम नेटिव्ह प्रोसेसमध्ये, स्क्रीन आणि नेटवर्क मॅनेज्डमध्ये, मधे युनिक्स सॉकेट (दोन प्रोसेसमधली बोलण्याची वाट). स्क्रीनचं अॅप मेलं तरी बाटली भरणं चालू राहतं. लिनक्स असेल तर मी इथूनच सुरुवात करतो.

दोन चिप किंवा दोन कोअर. मायक्रोकंट्रोलर यंत्र चालवतो, मोठा प्रोसेसर माणसाशी बोलतो. महाग, पण प्रमाणपत्र लागणार असेल तर तपासणीचा भाग छोट्या चिपपुरता आवरता येतो. वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या आयईसी ६२३०४ मानकात बाहेरून आणलेला रनटाइमही तुमच्या कागदपत्रांत यावा लागतो, हे इथे आठवावं.

पहिला पर्याय घेतलात तर या चुका एकेक करून तपासा.

*लाँग.* सी शार्पचा लाँग नेहमी ८ बाइटचा. सीचा लाँग ३२ बिट लिनक्सवर ४ आणि ६४ बिट लिनक्सवर ८. हेडरमधला लाँग तसाच उतरवला तर ६४ बिट संगणकावर चाचणी पास होते आणि ३२ बिट बोर्डावर स्ट्रक्चरमधला पुढचा प्रत्येक आकडा सरकतो. सीमेवर फक्त इंट३२, इंट६४ असे रुंदी सांगणारे प्रकार वापरा.

*बूल.* सीचा बूल साधारणपणे १ बाइटचा, पण डॉटनेट ठरावीक नियमाने तो ४ बाइटचा समजून पाठवतो. प्रकार स्पष्ट लिहा, किंवा सरळ एका बाइटचा पूर्णांक वापरा.

*कॉलबॅक.* नेटिव्ह लायब्ररीला ‘डेटा आला की हे फंक्शन बोलाव’ म्हणून डेलिगेट (फंक्शन धरणारा डॉटनेटचा ऑब्जेक्ट) दिला आणि आपल्याकडे त्याचा संदर्भ ठेवला नाही. कलेक्टरला वाटतं कुणालाच नको आहे, तो उचलतो. लायब्ररी नंतर हाक मारते ती रिकाम्या जागेला. टेबलावर दहा मिनिटं चालवलं तर काहीच होत नाही, कारण तेवढ्यात कलेक्शनच झालेलं नसतं. डेलिगेट स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवा.

*बफर.* नेटिव्ह बाजू एखाद्या अॅरेमध्ये मागाहून लिहिणार असेल तर तो पिन करा, म्हणजे मेमरीत जागेवर रोखून ठेवा, नाहीतर कलेक्टर तो हलवेल आणि डेटा भलतीकडे पडेल. त्याहून चांगलं म्हणजे असा बफर नेटिव्ह बाजूनेच द्यावा.

*एक्सेप्शन.* सी प्लस प्लसचं एक्सेप्शन सीमा ओलांडून मॅनेज्डमध्ये येऊ देऊ नका, उलटही नाही. लिनक्सवर प्रोसेस तिथेच मरते. सीमेवरच्या प्रत्येक फंक्शनने चूक झाली तर ती सांगणारा एरर कोड परत करावा.

*बडबड.* एका पल्सला एक हाक असं करू नका. शंभर नोंदी जमवा आणि एका हाकेत द्या.

या पर्यायाबद्दल एक दिलासाही आहे. डॉटनेटमध्ये कलेक्शन चालू असताना शुद्ध नेटिव्ह थ्रेड थांबवला जात नाही. तो मॅनेज्ड कोडमध्ये शिरू पाहील तेव्हाच अडतो. म्हणजे व्हॉल्व्हचा थ्रेड पूर्ण नेटिव्ह ठेवला, त्यातून कधीही मॅनेज्ड कॉलबॅक केला नाही आणि बोलणं फक्त रिंग बफरमधून (गोल फिरत पुन्हा वापरल्या जाणाऱ्या ठरावीक बफरमधून) ठेवलं, तर एकाच प्रोसेसमध्येही वेळ पाळता येते. याउलट मॅनेज्ड थ्रेडची प्रायॉरिटी वाढवून काही साधत नाही. जगाला थांबवणारं कलेक्शन सगळ्या मॅनेज्ड थ्रेडना थांबवतं, मानाचा असो वा साधा.

## टप्पा ६: मॅनेज्ड बाजूच्या सवयी

वारंवार चालणाऱ्या लूपमध्ये नवीन ऑब्जेक्ट बनवू नका, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. स्ट्रिंग जोडणं, पूर्णांकाला ऑब्जेक्ट म्हणून पाठवणं, लिंक (LINQ) या सी शार्पच्या क्वेरींची साखळी, आणि बंद असलेल्या लॉगसाठीही आधी तयार होणारी स्ट्रिंग: कचरा इथून येतो. बफर सुरुवातीला एकदा बनवा आणि परत वापरा. डॉटनेटमध्ये ८५,००० बाइट किंवा त्याहून मोठे ऑब्जेक्ट वेगळ्या हीपवर जातात आणि सहसा पूर्ण कलेक्शनच्या वेळीच सुटतात, म्हणून कॅमेऱ्याची फ्रेम दर वेळी नव्याने मागणं महागात पडतं.

कलेक्शन हाताने बोलवावं का? मोठ्या रनटाइममध्ये सहसा नाही. मायक्रोपायथनसारख्या छोट्या रनटाइममध्ये मात्र मोकळ्या क्षणी, म्हणजे एक बाटली सरकून दुसरी येईपर्यंत, मुद्दाम बोलवणं चांगलं. तिथे हार्ड इंटरप्ट हँडलरमध्ये मेमरी मागता येत नाही. हँडलरने फक्त खूण करावी आणि उरलेलं काम शेड्यूल करून नंतरवर टाकावं. फ्लोट आकडेमोडही बहुतेक बोर्डांवर हीप मागते, हे लक्षात यायला वेळ लागतो.

फाइल, पोर्ट, पिन हे सी शार्पच्या ‘युझिंग’ने, म्हणजे काम संपताच, बंद करा. मेमरी भरपूर शिल्लक असेल तर कलेक्टर तासन्‌तास येणार नाही, आणि तोवर उघडी हँडल साचत जातील.

तपासा: वॉचडॉगची (कोडने वेळेत खूण दिली नाही तर उपकरण रिसेट करणाऱ्या टायमरची) मुदत सर्वात लांब थांब्यापेक्षा आणि सुरू होण्याच्या वेळेपेक्षा जास्त आहे ना? नाहीतर रनटाइम जागा होण्याआधीच वॉचडॉग रिसेट करतो, आणि उपकरण त्याच फेऱ्यात अडकतं.

## टप्पा ७: नेटिव्ह बाजूच्या सवयी

‘कलेक्टर नाही, म्हणून थांबे नाहीत’ हे अर्धंच खरं. मॅलॉकलाही (सीमध्ये मेमरी मागणाऱ्या फंक्शनलाही) ठरलेला वेळ नसतो, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपकरणात हीपचे तुकडे पडतात: एकूण मेमरी शिल्लक दिसते, पण सलग मोठा तुकडा मिळत नाही. मिस्रा सी:२०१२ ही सुरक्षित सीची नियमावली डायनॅमिक मेमरीलाच मनाई करते. एवढं कडक नको असेल तर निदान सुरुवातीला सगळं मागून घ्या आणि मुख्य लूप सुरू झाल्यावर मागणं बंद ठेवा.

स्टॅक मोजा. फ्रीआरटीओएस या छोट्या चिपच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक टास्कचा हाय वॉटर मार्क, म्हणजे स्टॅक कमीत कमी किती शिल्लक राहिला तो आकडा, मिळतो, तो रात्रभराच्या चाचणीनंतर बघा. हार्डवेअरशी संबंध नसलेला कोड, म्हणजे पार्सर आणि गणितं, संगणकावर अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चालवा. कॉर्टेक्स-एम० वर विषम पत्त्यावरून ४ बाइट वाचले की थेट हार्ड फॉल्ट येतो, म्हणून आलेल्या पॅकेटवर स्ट्रक्चरचा पॉइंटर ठेवून वाचण्याची सवय सोडा.

वॉचडॉगला टायमर इंटरप्टमधून खाऊ घालू नका, म्हणजे ‘मी चालू आहे’ ही खूण तिथून देऊ नका. मुख्य लूप लटकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, आणि मग वॉचडॉग असून नसल्यासारखा.

## टप्पा ८: प्रत्यक्ष वापरात गेल्यानंतरचं

अपडेटचा आकार इथे निर्णयात येतो. नॅनोफ्रेमवर्कसारख्या रचनेत रनटाइम फर्मवेअरमध्ये राहतो आणि अॅपचा छोटा भाग वेगळा पाठवता येतो, पण फर्मवेअरमधल्या नेटिव्ह भागाची आवृत्ती अॅपच्या लायब्ररींशी जुळली नाही तर अॅप सुरूच होत नाही. दोन्ही आवृत्त्या एकत्र नोंदवा आणि पाठवण्याआधी जोडी तपासा.

मॅनेज्ड बायनरी जवळजवळ मूळ कोडसारखी उलगडता येते. पासवर्ड किंवा की कोडमध्ये ठेवणं नेटिव्हमध्येही चूकच, पण इथे ती मिनिटांत सापडते.

क्रॅशची माहिती कशी परत येणार ते आधी ठरवा. मॅनेज्ड बाजू स्टॅक ट्रेस आयता देते. नेटिव्ह बाजूला फॉल्ट रजिस्टर आणि स्टॅकचा तुकडा रिसेटनंतरही टिकेल अशा जागी लिहावा लागतो, आणि त्या बिल्डच्या सिम्बॉल फाइल (पत्त्यांवरून फंक्शनची नावं सांगणाऱ्या) जपाव्या लागतात. मिश्र रचनेत दोन्ही नोंदींना एकच वेळ हवी, नाहीतर कोण आधी कोसळलं हे कळत नाही.

शेवटी निर्णय एका पानावर लिहून रिपॉझिटरीत ठेवा: कामांचा तक्ता, कोणत्या बोर्डावर काय कमाल वेळ आला, कोणतं काम कोणत्या खणात गेलं. त्याच पानावर हेही लिहा की निर्णय केव्हा पुन्हा उघडायचा: चिप बदलली, रनटाइमची मोठी आवृत्ती आली, द्रवाचा वेग वाढवायची मागणी आली, किंवा जिवंत ऑब्जेक्टची संख्या मोजमापाच्या दिवशीपेक्षा दुप्पट झाली. यातलं काहीही घडलं की टप्पा ४ त्याच भाराने परत चालवायचा. म्हणून मोजणीचा तो दीडशे ओळींचा नमुनाही रिपॉझिटरीतच ठेवा.